टेबलाखालचा माणूस

शनिवारी दुपारी मी आईबाबांकडे पोचले तेव्हा बाबा खोडरबर शोधत होते. त्यांचा खोडरबर रोज हरवायचा आणि रोज त्यांच्याच शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत सापडायचा. तरी संशय आधी घरातल्या माणसांवर.

"तू घेतलास का गं?"

"मी आत्ता आलेय, बाबा. पायातलंही काढलं नाहीये अजून."

"मग तुझ्या आईनं घेतला."

"हो, तळायला टाकलाय," आई आतून म्हणाली. "झालं असेल काम तर जेवायला या, वाढते."

बाबा वर्तमानपत्रांत आणि मासिकांत लेखांशेजारी चित्रं काढायचे. कुणी "म्हणजे व्यंगचित्रकार का?" असं विचारलं, की म्हणायचे, "नाही हो, नुसताच चित्रकार. हसू आलं तर ते तुमचं." निद्रानाशावर लेख असला की बसथांब्यावर उशी काखोटीला मारून उभा असलेला माणूस. महागाईवर असला की एक बटाटा खांद्यावरून वाहून नेणारे चौघे. लेख दुसऱ्याचा, विषय तिसऱ्याचा, जागा किती मिळणार ते चौथ्याच्या हातात. बाबांच्या वाट्याला उरेल तेवढ्यात त्यांनी आयुष्य काढलं, आणि ते चांगलं गेलं असं त्यांचं म्हणणं होतं.

जेवताना फोन वाजला. बाबांनी डाव्या हातानं उचलला. उजव्या हातात घास होता.

"हं. बोला. ...किती? ...दोन? ...बाजू कुठली? ...आणि म्हणतोय काय मजकूर? ...हं. ...हं. अच्छा!" मग थोडं हसून, "नाही, नाही, जमेल की. त्यात काय."

"कोण?" आईनं विचारलं.

"काम."

"शनिवारी?"

"खड्डा पडलाय म्हणे पानात. बुजवायचाय."

"तुम्ही म्हणजे रस्तेवालेच आहात," आई म्हणाली. "कुणाचा खड्डा आणि कोण फावडं घेऊन धावतंय."

बाबा पुन्हा हसले आणि ताटातलं संपवून उठले. मी आणि आई तिथंच बराच वेळ बसून बोलत राहिलो. कशाबद्दल, ते मला आता आठवत नाही. माझी वहिनी, माझ्या कॉलेजातली परीक्षेची कामं, असंच काहीतरी. निघताना मी त्यांच्या खोलीच्या दारातून "येते हं" म्हटलं. त्यांनी मान न वळवता हातातला टाक वर केला. टाक शाईत बुडवलेला असला की ते बोलत नसत. थेंब पडतो म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जायचं म्हणून ते बूट घालायला स्टुलावर बसले. डावा बूट घातला. उजवा घालायला वाकले, ते तसेच राहिले.

* * *

माणसं येऊन गेली. दादा, माझा मोठा भाऊ, त्यानं सगळ्यांना फोन केले, सगळं निस्तरलं. मला त्यानं एकच काम दिलं. "तू त्यांची खोली बघ," म्हणाला. "मला नाही जमणार तिथं."

खोलीत बघण्यासारखं फार नव्हतं. बाबा नीटनेटके होते. टाक धुऊन पुसून ठेवलेले, शाईच्या बाटल्यांची झाकणं घट्ट. बाजूच्या सपाट कपाटावर एक चित्र सुकत ठेवलं होतं, वर पातळ कागद टाकून. शनिवारचंच असणार.

मी कागद उचलला.

एक मोठं जेवणाचं टेबल, बाजूनं दिसणारं. टेबलाच्या वर चौघं जेवायला बसलेली, पण त्यांचे चेहरे नाहीत, चित्राची कड त्यांच्या हनुवटीपाशी संपते. दिसतात ती कोपरं, मनगटं, ताटं. त्यातलं एक कोपर आईचं. ती जेवताना डावं कोपर टेबलावर टेकवते आणि आम्हांला टेकवू देत नाही. एक पोक काढलेली पाठ दादाची. एका ताटासमोर पेल्याला टेकून उघडं पुस्तक उभं केलेलं, ती मी. त्यात काही नवल नव्हतं. बाबा आम्हांला सरसकट वापरायचे. माझे कान आजवर किती मंत्र्यांना लागलेत त्याची गणती नाही.

आणि टेबलाखाली एक माणूस. पाठीवर पडलेला, गुडघे वर, बारीक मिशीचा, ओळखीचा नसलेला. त्याचा डावा तळहात टेबलाला खालून टेकलेला आहे. उजवा हात त्यानं उजवीकडे लांब केलाय. पंजा उघडा, रिकामा. आणि तो हात चित्राच्या चौकटीच्या बाहेर गेलाय. चौकटीची रेघ बाबांनी मनगटापाशी तोडली होती.

मागं पेन्सिलीनं एवढंच: २ कॉ. डावीकडे.

म्हणजे दोन कॉलम रुंदीचं, आणि मजकुराच्या डाव्या बाजूला बसणारं. कुणासाठी, कुठल्या लेखासाठी, काही नाही. बाबा ते कधीच लिहीत नसत. त्यांना ठाऊक असायचं ना.

* * *

संध्याकाळी पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला. बाबांनी सगळ्यांत जास्त चित्रं त्यांच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत काढली होती. बाई हुशार होत्या, बाबांबद्दल त्यांना खरंच वाटत होतं. येत्या रविवारी अर्धं पान बाबांवर करायचं ठरलं होतं.

"त्यांनी शेवटचं काढलेलं असं काही असेल ना घरी?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर फोटो काढून पाठवला.

"काय चित्र आहे हो हे," त्या म्हणाल्या. "हे मधोमध घेऊ. मोठं. खाली फक्त 'अखेरचं चित्र' आणि त्यांचं नाव."

"कुठल्या लेखाचं होतं पण ते?"

"लेख कशाला लागतोय आता?"

मला लागत होता. बाबांचं म्हणणं असायचं की लेखाशेजारचं चित्र लेखापासून सोडवलं की त्याचं कॅलेंडर होतं. भिंतीवर टांगा, तारीख बघा. एकदा कुणीतरी त्यांचं उशीवाल्या माणसाचं चित्र चौकट करून दिवाणखान्यात लावलं, आणि बाबा त्या घरी चहा न घेता परत आले. "त्या बिचाऱ्याला झोप का येत नाही ते खाली लिहिलेलं होतं," ते आईला सांगत होते. "ते यांनी कापलं. आता तो नुसता वेडा दिसतो."

म्हणून मी बाईंना म्हटलं, "मला शोधू दे. सापडला तर चित्र त्याच्याशेजारी जाईल. नाही सापडला तर तुम्ही म्हणाल तसं."

"शुक्रवारी दुपारी पान जातं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती, पण घाई होती. "आणि ते हाताचं बघावं लागेल. बाहेर आलाय तो. मधे घेताना कापावा लागेल थोडा."

* * *

शोधायला सुरुवात बाईंच्याच कार्यालयापासून केली. तिथं पानं लावणारे काका होते. बाबा त्यांना 'कात्री' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. कारण जागेत बसवायला चित्र कापायचं काम त्यांचं. त्या दोघांचं भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू होतं आणि दोघांनीही ते जिवापाड जपलं होतं.

"टेबलाखाली माणूस?" कात्रीकाका फोनवर म्हणाले. "आमचंच. लाचखोरीवर लेख आहे ना, नुकताच आलाय. टेबलाखालून देणं-घेणं. हात बघ की कसा पुढं केलाय."

"लाचखोरीचं चित्र तर तुमच्याकडे गेल्याच आठवड्यात आलंय, काका. कोटाला कांगारूसारखी पिशवी असलेला माणूस. मी पाहिलंय ते."

"...हो, खरंच की. ते लावलंय मी." थोडं थांबून, "त्या पिशवीचं टोक कापलं म्हणून म्हातारा चिडला होता."

"कापलं होतंत?"

"जरासंच गं."

मग आरोग्य मासिकाचे डॉक्टर. बाबा त्यांच्यासाठी दर महिन्याला काढायचे. डॉक्टरांनी चित्र पाहिलं आणि लगेच उलट फोन केला.

"आमचंच आहे! पुढचा अंक पाठदुखीचा. बघा ना, उताणा पडलाय, गुडघे वर, कंबर जमिनीला. अगदी अचूक आसन आहे. उठता येत नाही म्हणून हात मागतोय."

"पण डॉक्टर, तो हसतोय."

"सुरुवातीला हसतातच सगळे."

"तुम्ही बाबांना शनिवारी फोन केला होता का?"

"मी नाही केला. माझ्या बायकोनं केला असेल. नाहीतर करणारच होतो आम्ही."

तिसऱ्या होत्या पालकांच्या त्रैमासिकाच्या ताई. त्या मऊ आवाजात आणि फार हळू बोलत. त्यांनी चित्र पाहून सुस्कारा सोडला. "हे आपल्या आतलं मूल आहे," त्या म्हणाल्या. "वर मोठी माणसं आपापली जेवतायत. खाली ते. कुणीतरी हात धरेल म्हणून."

"त्याला मिशी आहे, ताई."

"मुलं मोठी होतात हो," ताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तीन माणसांनी एकच चित्र पाहिलं होतं आणि प्रत्येकाला त्यात आपापला लेख दिसला होता, तोही शपथेवर. ते खोटं बोलत नव्हते. खरोखरच दिसला होता. बाबांना हे सांगितलं असतं तर ते खूश झाले असते की वैतागले असते, याचा मी विचार करत बसले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या घरात वावरले, त्याच्या कामाबद्दलचा इतका साधा प्रश्न, आणि माझ्याकडे अंदाजही नव्हता.

आणि मी तरी काय वेगळं करत होते? मी साहित्य शिकवते. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलायचा मला पगार मिळतो. पहिल्याच रात्री माझा अर्थ लावून झाला होता. वर आम्ही चौघं बिनचेहऱ्याची, आपल्यात मग्न. खाली, आमचं ओझं तळहातावर पेलत, बाबा. दुसरा हात आमच्याकडे पसरलेला, आणि कुणाचं लक्ष नाही. मी तर पुस्तकात.

हे मी आईला सांगितलं.

आईनं चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"चौघं कशी?" ती म्हणाली. "ते खाली असतील तर वर तिघंच हवीत. हे चौथं कोण?"

मी बघितलं. चौथ्याची बाही दुमडलेली होती. तिच्यात काहीतरी चौकोनी खुपसलेलं होतं.

"ते वर आहेत," आई म्हणाली. "जेवतायत आपल्याबरोबर. त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं मी कधी." तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "खाली कोण झोपलाय ते तू शोध. पण त्याला वाईट वाटत नाहीये एवढं मला दिसतंय. शीळ घालतोय मेला."

खरंच घालत होता. ओठांचा एवढासा चंबू. मी तो हसण्यात जमा केला होता.

* * *

शुक्रवारी सकाळपर्यंत मला काहीही सापडलं नव्हतं. बाईंचा निरोप आला, चित्र चांगल्या दर्जाचं स्कॅन करून पाठवा, मोबाइलचा फोटो मोठ्या छपाईला चालणार नाही. हरले होते मी. चित्र घेऊन बाबांच्या स्कॅनरपाशी गेले आणि झाकण उघडलं.

काचेवर एक कागदाचा तुकडा पालथा पडलेला होता. काडेपेटीएवढा. बाबा बहुतेक शनिवारी मोठं चित्र सुकेपर्यंत हा तुकडा स्कॅन करायला बसले असतील आणि उरलेलं उद्या म्हणून उठले असतील.

मी तो उलटला. त्यावर एक स्क्रूड्रायव्हर होता.

नुसता स्क्रूड्रायव्हर. आडवा, मुठीचा भाग डावीकडे. त्यावरच्या रेघा अगदी बारीक काढलेल्या, मुठीला झिजल्याची चकाकी, टोकाला किंचित गंज. कुणाच्या हातात नाही, कशावर ठेवलेला नाही, खाली सावलीसुद्धा नाही. मी तो तुकडा मोठ्या चित्राच्या उजवीकडे धरला. उघड्या पंज्यापासून थोडा लांब. मग आणखी थोडा जवळ.

तो माणूस काही मागत नव्हता. म्हणजे मागत होता, पण स्क्रूड्रायव्हर.

मी तिथंच खाली फरशीवर बसले. मग कात्रीकाकांना फोन लावला.

"काका, तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हरचा लेख आहे का कुठं?"

"कशाचा?"

"स्क्रूड्रायव्हर. पेचकस. काहीतरी दुरुस्तीचं, घरगुती."

"अगं, आम्ही वर्तमानपत्र काढतो की गॅरेज चालवतो?" असं म्हणत त्यांनी फोन तोंडापासून लांब नेला आणि मोठ्यानं ओरडून सगळ्या हॉलला विचारलं, "स्क्रूड्रायव्हर कुणाचा आहे रे?" हॉलमधून कुणीतरी काहीतरी चावट उत्तर दिलं, चार जण हसले. आणि मग एका बाईचा आवाज आला. शब्द मला कळले नाहीत.

काका फोनवर परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "तू ये इकडं," ते म्हणाले. "दोन्ही कागद घेऊन ये. दुमडू नकोस."

* * *

त्या बाई पुरवणीच्या शेवटून दुसऱ्या पानावर 'घरच्या घरी' नावाचं छोटं सदर लिहीत. डाग कसे काढावेत, दाराची कुरकुर कशी थांबवावी. हॉलमध्ये सगळे त्यांना टिपाबाई म्हणत. माझ्याच वयाच्या असतील. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुसावेत तसे ओढणीला पुसत राहिल्या.

"माझ्या सदराला चित्र नसतंच कधी," त्या म्हणाल्या. "त्या शनिवारी येत्या पानातली शेजारची जाहिरात गळाली. जागा मोकळी पडली. मी म्हटलं विचारून तर बघू, आणि डायरेक्ट त्यांनाच फोन केला. बाईंना नाही विचारलं, काकांना नाही सांगितलं. मग रविवारी ते असे... सकाळीच बातमी कळली. तेवढ्यात दुसरी जाहिरात आली, पान भरलं. माझा मजकूर मागं ठेवला."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? मी आठवडाभर शोधतेय."

"काय सांगू? सगळे म्हणत होते, अखेरचं चित्र, अखेरचं चित्र. डोळ्यांत पाणी येत होतं लोकांच्या. त्यात मी जाऊन म्हणू, की ते माझ्या टिपांचं आहे?" त्यांनी हातातला कागद पुढं केला. "लाज वाटली हो."

मथळा होता: टेबल डगमगत असेल तर. मी उभ्या उभ्या वाचलं. टेबल डगमगलं की आपण पायाखाली कागदाची घडी सारतो. ते करू नये. बहुतेक वेळा दोष पायात नसून वरच्या फळीला पाय जोडणाऱ्या स्क्रूमध्ये असतो आणि तो वरून दिसत नाही. टेबल रिकामं करण्याची गरज नाही. एकाने खाली उताणे झोपावे, डावा हात फळीला खालून लावून हलते कुठे ते अजमावावे. दुसऱ्याने हत्यार हातात द्यावे.

कात्रीकाकांनी तोवर दोन्ही कागद स्कॅन करून, छपाईच्या मापात लहान करून पडद्यावर घेतले होते. चित्र डावीकडे, दोन कॉलम. मजकूर उजवीकडे. स्क्रूड्रायव्हर त्यांनी आधी मथळ्याखाली ठेवला, मग हलवून पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आणला, जिथं ओळ थोडी आत सरकते. ती मोकळी जागा आणि तो तुकडा, केसाचाही फरक नव्हता. हात चौकटीतून निघून मजकुराकडे गेला होता आणि मजकूर त्याला हत्यार देत होता.

काका खुर्ची मागं ढकलून म्हणाले, "जागा मोजून काढलंय गं थेरड्यानं. मला कापायला सुतभरही ठेवलं नाही." आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी पडदा पुसला. पडदा स्वच्छ होता.

संपादकबाई आल्या तेव्हा आम्ही तिघं तसेच बघत उभे होतो. त्यांनी पाहिलं, मजकूर वाचला, पुन्हा पाहिलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐका. अर्धं पान मी त्यांच्यासाठी राखलंय. मधे हे चित्र लोकांना आत कुठंतरी लागेल. आणि तुम्ही म्हणताय की ते शेवटून दुसऱ्या पानावर, एवढंसं, आणि शेजारी 'टेबल डगमगत असेल तर'?"

"हो."

"त्यांच्या शेवटच्या चित्राबद्दल वाचकांना काय वाटेल?"

"टेबल दुरुस्त करावंसं वाटेल," मी म्हटलं.

टिपाबाईंनी तोंडावर ओढणी धरली. काका खोकले.

"तुमच्या पानावर दुसरं कुठलंही घ्या," मी म्हटलं. "बटाटा घ्या, उशी घ्या. मी लेखांसकट काढून देते, लेखसुद्धा छापा. पण हे याचं आहे. दोन कॉलम. डावीकडे. आणि खाली 'अखेरचं' वगैरे नको, नेहमीसारखी कोपऱ्यात सही आहे ती पुरे."

मला वाटलं, आता बाई नाही म्हणणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि काकांना म्हणाल्या, "त्या पानावरची जाहिरात हलेल का?"

"हलवतो," कात्रीकाका म्हणाले. "नाही हलली तर कापतो."

निघताना टिपाबाई जिन्यापर्यंत आल्या. काहीतरी सांगायचं होतं त्यांना.

"मी शनिवारी संध्याकाळी पुन्हा फोन केला होता त्यांना. 'झालं का?' विचारायला. म्हणाले, 'झालं, सुकतंय, उद्या देतो.' एवढंच. काय काढलंत, असं विचारलंच नाही मी. मला आपला खड्डा भरायचा होता."

"तसं कुणीच विचारत नसे," मी म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी त्यांची समजूत घालायला म्हटलेलं नव्हतं. ते तसंच होतं. काका विचारायचे झालं का, कारण पान अडलेलं असे. डॉक्टर विचारायचे झालं का. आई विचारायची झालं का, कारण जेवण निवत असे. दादा आणि मी लहानपणी दारात उभं राहून विचारायचो झालं का, कारण झालं की ते आमच्याशी खेळायला मोकळे व्हायचे. 'काय काढताय?' हा प्रश्न आमच्या घरात फक्त पाहुणे विचारत. तो नवख्यांचा प्रश्न होता. आम्हांला वाटायचं, आम्हांला माहीतच आहे की. बाबा चित्र काढतायत.

* * *

रविवारी पुरवणी आली. आईनं आधी अर्धं पान वाचलं, फोटोत बाबांचे केस विस्कटलेले आहेत म्हणून संपादकबाईंना नावं ठेवली, आणि मग शेवटून दुसरं पान उघडून बसली. दादा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हे मी?" तो म्हणाला. "एवढा पोक आहे मला?"

"आहे," आई म्हणाली. "सरळ बस."

ती दोघं कोण कुठं बसलंय यावर वाद घालत असताना मी उठून बाबांच्या खोलीत गेले. आता तिथं शोधायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच नुसतं बघता आलं. तिरक्या फळीवर त्यांनी नवा कागद लावून ठेवला होता, चारही कोपरे चिकटपट्टीनं नीट दाबून. दिवसाचं काम संपलं की ते दुसऱ्या दिवसाचा कागद लावूनच उठायचे. कागद कोरा होता. मी त्यावर तिरपं बघितलं, उजेडाकडे धरावं तसं डोकं वाकवून, पेन्सिलीची एखादी रेघ तरी असेल म्हणून. नव्हती.

बाहेर आई हसत होती. दादा म्हणत होता की तो चौथा बाबा नसून आमचा सख्खा काका आहे, आणि आई म्हणत होती, मग त्याच्या बाहीत खोडरबर काय करतोय.

मी बाबांच्या खुर्चीत बसले नाही. दाराजवळ एक वेताचं स्टूल आहे, पाहुणे आले की त्यावर बसत. तिथं बसले. फळीची मागची बाजू मला दिसत होती, कागद दिसत नव्हता. पाहुण्यांना असंच दिसत असणार.

"बाबा," मी म्हटलं. बाहेरच्या वादात ते माझं मलाच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

"बाबा, काय काढताय?"